केव्हीएमवरच्या व्हर्च्युअल मशीन: कर्नलचा भार मोजावा कसा आणि कमी करावा कसा

गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी आज्ञा) उघडला तर सीपीयू निवांत दिसतो, आणि होस्टवर, म्हणजे ती मशीन ज्यावर चालते त्या खऱ्या सर्व्हरवर, मात्र तिच्या क्यूईएमयू प्रोसेसने (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) अर्धा कोअर खाल्लेला असतो. हा मधला अर्धा कोअर बहुतेक वेळा होस्टच्या कर्नलमध्ये गेलेला असतो. गेस्टला मध्येच थांबवायचं, त्याचं काम करून द्यायचं आणि त्याला पुन्हा चालू करायचं, यातच तो खर्च होतो. नवा सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव लिहिण्याआधी हा खर्च तपासलाच पाहिजे, कारण त्यातला बराचसा टाळता येतो आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

हा लेख लिनक्स होस्टवरच्या केव्हीएमबद्दल, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या सोयीबद्दल, आहे. कॉन्फिगरेशन लिबव्हर्ट या मशीन सांभाळणाऱ्या साधनाचं धरलं आहे, म्हणजे व्हर्श एडिटने मशीनची एक्सएमएल सेटिंग फाइल बदलायची. प्रॉक्समॉक्स ही केव्हीएमवर बांधलेली तयार प्रणाली वापरत असाल तर यातले बहुतेक पर्याय तिथल्या वेब पॅनलमध्ये किंवा मशीनच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडतील. उदाहरणासाठी एक साधा सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवू: दोन सॉकेट, प्रत्येकी आठ कोअर, हायपरथ्रेडिंग धरून ३२ थ्रेड, १२८ जीबी रॅम. त्यावर पोस्टग्रेस या डेटाबेसची एक मशीन, दोन वेब सर्व्हर आणि अकाउंट्सवाल्यांसाठी टॅली चालणारी एक विंडोज मशीन. मध्यम आकाराच्या ऑफिसात अशी मांडणी हमखास दिसते.

खर्च नेमका कुठे होतो

इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० कर्नलमध्ये केव्हीएम आलं. या हार्डवेअरच्या आधारामुळे गेस्टच्या बहुतेक इन्स्ट्रक्शन थेट प्रोसेसरवर चालतात. बेरीज-वजाबाकी, तुलना, मेमरीतून वाचणं यांत होस्टचा कर्नल मध्ये येतच नाही. गेस्टला परस्पर करू देता येत नाहीत अशी कामंही असतात: एखाद्या उपकरणाच्या रजिस्टरला हात लावणं, टायमर लावणं, काम नाही म्हणून सीपीयू थांबवणं, दुसऱ्या व्हर्च्युअल सीपीयूला इंटरप्ट पाठवणं. असं काही झालं की प्रोसेसर गेस्टची अवस्था जपून ठेवतो आणि नियंत्रण होस्टच्या कर्नलकडे देतो. याला व्हीएम एक्झिट म्हणतात.

सगळ्या एक्झिट सारख्या महाग नसतात. काही केव्हीएम कर्नलमध्येच निपटवतं. काहींसाठी क्यूईएमयूकडे जावं लागतं, आणि ती होस्टवरची एक साधी युजरस्पेस प्रोसेस आहे. गावातच तलाठ्याकडे होणारं काम आणि त्याच कामासाठी तालुक्याला तहसील कचेरीत घालावी लागणारी खेप, असा फरक या दोन्हींत आहे. नुसत्या ये-जा करण्यातच साधारण हजार-दोन हजार सायकल जातात, आणि क्यूईएमयूपर्यंत जाऊन यायचं तर त्याच्या कित्येक पट. शिवाय दरवेळी होस्टचा डेटा कॅशेत शिरतो आणि गेस्टचा बाहेर ढकलला जातो. हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण तो असतो.

तेव्हा 'ओव्हरहेड' म्हणून मोघम तक्रार करण्यात अर्थ नाही. एक्झिट मोजता येतात, प्रत्येकीला कारणाचं नाव असतं, आणि कारण सापडलं की उपाय बहुधा एका-दोन ओळींचा असतो. ट्यूनिंगची कुठली तरी लांबलचक यादी आणून चिकटवणं मला पटत नाही. त्यातल्या निम्म्या ओळींचा तुमच्या मशीनशी संबंधच नसतो, आणि एखाद-दुसरी उलटी पडते.

पहिली पायरी: मोजणी

पर्फ या लिनक्सच्या मोजणीच्या साधनाने सुरुवात करा: होस्टवर रूट म्हणून 'पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह' चालवा. एकाच मशीनचा हिशेब हवा असेल तर तिच्या क्यूईएमयू प्रोसेसचा पीआयडी (क्रमांक) घ्या, 'पर्फ केव्हीएम स्टॅट रेकॉर्ड'ला तो 'पी' पर्यायाने द्या, मशीनवर खरं काम चालू असताना अर्धा मिनिट थांबा, कंट्रोल-सी दाबा आणि मग 'रिपोर्ट' मागवा. समोर तक्ता येतो: एक्झिटचं कारण, किती वेळा घडली, एकूण वेळेतला वाटा, सरासरी वेळ. पर्फ बसवलेलं नसेल तर 'केव्हीएम_स्टॅट' हे छोटं साधन नुसत्या संख्या देतं, आणि सुरुवातीला तेवढंही पुरतं.

तक्ता वाचताना पहिली गफलत एचएलटीच्या ओळीत होते. वेळेतला नव्वद टक्के वाटा एचएलटीचा दिसला की माणूस हबकतो. पण एचएलटी म्हणजे गेस्टला काम नव्हतं म्हणून त्याने व्हर्च्युअल सीपीयू थांबवला. त्या ओळीतला वेळ झोपेचा आहे, तो भारात धरायचा नाही. तिथे वेळ सोडा आणि संख्या बघा. सेकंदाला हजारो वेळा झोपणं-उठणं चाललं असेल तर मात्र दखल घ्यायला हवी.

बाकीच्या ओळी अशा वाचा. एमएसआर_राइट म्हणजे प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये लिहिणं, बहुतेक करून टायमर लावणं किंवा एका व्हर्च्युअल सीपीयूने दुसऱ्याला इंटरप्ट पाठवणं. ईपीटी म्हणजे गेस्टचे मेमरीचे पत्ते होस्टच्या खऱ्या पत्त्यांत बदलणारं टेबल. ईपीटी_मिसकॉन्फिग हे नाव भीतिदायक आहे, पण त्यात काही बिघडलेलं नसतं. केव्हीएमने उपकरणांच्या पत्त्यांवर मुद्दाम तशी खूण केलेली असते, आणि गेस्टने व्हर्टिओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या) उपकरणाला 'काम आलंय' असं सांगितलं की ती दिसते. ईपीटी_व्हायोलेशन म्हणजे गेस्टने हात लावलेल्या पानामागे (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) होस्टने अजून खरी मेमरी दिलेली नाही. बूट होताना हे भरपूर येणारच. मशीन स्थिरावल्यावरही येत राहिलं तर होस्ट स्वॅप करतोय का, पानं एकत्र करतोय का, हे बघा. आयओ_इन्स्ट्रक्शन भरपूर म्हणजे जुन्या पद्धतीचं एखादं नक्कल केलेलं उपकरण चालू आहे. पॉज_इन्स्ट्रक्शन वाढलं म्हणजे एक व्हर्च्युअल सीपीयू लॉकसाठी घिरट्या घालतोय आणि लॉक ज्याच्याकडे आहे त्याला होस्टने बाजूला बसवलंय. थोडक्यात, सीपीयू गरजेपेक्षा जास्त वाटले गेलेत. एएमडीवर यातली काही नावं वेगळी दिसतील, उदाहरणार्थ ईपीटीच्या जागी एनपीएफ.

सोबत गेस्टच्या टॉपमधला 'एसटी' हा आकडा बघा. त्याला स्टील टाइम म्हणतात: गेस्ट तयार होता, पण होस्टने त्याला सीपीयू दिला नाही तो वेळ. एक्झिट कमी आणि स्टील जास्त असेल तर दुखणं एक्झिटचं नाही, गर्दीचं आहे, आणि त्याला वेगळं औषध लागतं.

मशीन रिकामी असताना आणि भरात असताना, असे दोन्ही वेळचे आकडे फाइलमध्ये ठेवा. पुढची प्रत्येक पायरी याच आकड्यांशी ताडून बघायची आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगतो, नाहीतर 'बदल केला पण फरक काहीच नाही' असं होतं. एक्सएमएलमधला बदल गेस्टला आतून रीबूट करून लागू होत नाही, कारण क्यूईएमयूची जुनी प्रोसेस तशीच चालू राहते. मशीन पूर्ण बंद करा आणि होस्टवरून पुन्हा सुरू करा.

घड्याळ तपासा

हे सगळ्यात आधी, कारण दोन मिनिटांत होतं आणि चुकीचं निघालं तर फरक प्रचंड पडतो. लिनक्स गेस्टमध्ये सिस फाइलसिस्टिमखाली (कर्नलची सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) क्लॉकसोर्सची फोल्डर असते. तिथल्या 'करंट_क्लॉकसोर्स' फाइलमध्ये 'केव्हीएम-क्लॉक' किंवा 'टीएससी' (प्रोसेसरचा सायकल काउंटर) असायला हवं. 'एचपेट' किंवा 'एसीपीआय_पीएम' ही नक्कल केलेली घड्याळं दिसली तर तिथेच थांबा.

कारण जवळून बघण्यासारखं आहे. प्रोग्रॅमने वेळ विचारली आणि घड्याळ केव्हीएम-क्लॉक असलं, तर लायब्ररी प्रोसेसरचा सायकल काउंटर वाचते, होस्टने सामायिक पानावर लिहून ठेवलेल्या गुणकाने हिशेब करते आणि उत्तर देते. सिस्टिम कॉलही नाही, एक्झिटही नाही. काही मोजक्या नॅनोसेकंदांत काम संपतं. तेच घड्याळ एसीपीआय_पीएम असेल तर आधी गेस्टच्या कर्नलमध्ये सिस्टिम कॉल, तिथून पोर्ट वाचायचा म्हणून एक्झिट, होस्टच्या कर्नलमधून क्यूईएमयूकडे, क्यूईएमयूने हिशेब करून उत्तर दिलं की त्याच वाटेने परत. यात कित्येक मायक्रोसेकंद जातात. डेटाबेस प्रत्येक क्वेरीला, वेब सर्व्हर प्रत्येक लॉगच्या ओळीला वेळ विचारतो. सेकंदाला लाखभर वेळा ही खेप घातली की अर्धा कोअर कुठे गेला ते कळतं.

घड्याळ चुकीचं का निवडलं गेलं, हे गेस्टच्या आणि होस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) शोधा. टीएससी अस्थिर असल्याची नोंद तिथे असते. होस्टवरच टीएससी अस्थिर ठरलं असेल तर आधी बायोस अपडेट करा. गेस्टमध्ये केव्हीएम-क्लॉक दिसत असूनही वेग येत नाही, याचंही कारण बरेचदा हेच असतं: होस्टचं टीएससी भरवशाचं नसलं की गेस्ट तो जलद रस्ता वापरत नाही. शिवाय एक्सएमएलच्या क्लॉक विभागात एचपेट टायमर 'प्रेझेंट नो' करून टाका. आजच्या गेस्टला त्याची गरज पडत नाही.

सीपीयू: कमी द्या, नीट बसवा

माझं ठाम मत आहे की या विषयात सगळ्यात जास्त नुकसान 'राहू दे, असावेत जास्त' म्हणून दिलेल्या व्हर्च्युअल सीपीयूंनी होतं. प्रत्येक जादा व्हर्च्युअल सीपीयूला स्वतःचा टायमर असतो, कर्नल काम पसरवत राहतो म्हणून आपसातले इंटरप्ट वाढतात, आणि लॉक धरून बसलेला सीपीयू होस्टने बाजूला केला की उरलेले त्याची वाट बघत पॉजवर पॉज मारतात. वेब सर्व्हरच्या मशीनला दोन सीपीयू देऊन सुरुवात करा. आतून खरोखर अपुरे पडताना दिसले तर वाढवा.

सीपीयूचं मॉडेल 'होस्ट-पासथ्रू' ठेवा. जुनं सर्वसाधारण मॉडेल निवडलं तर प्रोसेसरच्या नव्या सोयी गेस्टला दिसत नाहीत. याची किंमत एकच: चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवायची असेल तर तिथला प्रोसेसरही तोच हवा. ऑफिसात एकच सर्व्हर असेल तर हा प्रश्नच येत नाही. इंटेलवर केव्हीएम_इंटेल मॉड्यूलचा 'एनेबल_एपिकव्ही' पर्याय चालू आहे का तेही बघा. इंटरप्टचं बरंच काम मग हार्डवेअर परस्पर करतं. एएमडीवर त्याला एव्हिक म्हणतात आणि अनेक कर्नलांवर तो आपोआप चालू नसतो.

आता पिनिंग, म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयू ठरावीक थ्रेडला बांधून टाकणं. हे सगळ्याच मशीनना करू नका. जिचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे तिलाच करा. आपल्या उदाहरणात ती पोस्टग्रेसची मशीन. 'एलएससीपीयू'ला 'ई' पर्याय देऊन कुठला थ्रेड कुठल्या कोअरचा, कुठला कोअर कुठल्या नोडवर (एक सॉकेट आणि त्याला जोडलेली मेमरी), हे आधी बघा. क्रमांकांची पद्धत प्रत्येक बोर्डावर वेगळी असते, अंदाजाने करू नका. समजा पहिल्या सॉकेटवर ० ते ७ हे कोअर आणि त्यांचे जुळे थ्रेड १६ ते २३ आहेत. पोस्टग्रेसला आठ व्हर्च्युअल सीपीयू द्यायचे तर:

– पहिला व्हर्च्युअल सीपीयू थ्रेड २ वर, दुसरा १८ वर, तिसरा ३ वर, चौथा १९ वर, अशा जोड्या २१ पर्यंत.
– टोपॉलॉजीमध्ये एक सॉकेट, चार कोअर, प्रत्येकी दोन थ्रेड असं लिहा, म्हणजे जुळे कोण हे गेस्टच्या शेड्युलरलाही कळतं.
– एम्युलेटरपिन आणि आयओथ्रेडपिन ०, १, १६, १७ वर.

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. क्यूईएमयूचे इतर थ्रेड आणि नेटवर्कचं काम करणारे व्हीहोस्ट थ्रेड जर व्हर्च्युअल सीपीयूंच्याच कोअरवर आले, तर पिनिंग करून आपण त्यांना एकाच दारात उभं केल्यासारखं होतं. आणि बाकीच्या मशीन या कोअरवर येऊ नयेत यासाठी त्यांनाही दुसऱ्या सॉकेटकडे पाठवा. फक्त एकीला पिन करून बाकीच्यांना मोकाट सोडलं तर पिन केलेलीच अडकते, कारण ती हलू शकत नाही आणि बाकीच्या हलू शकतात.

होस्टचे कर्नल पर्याय, म्हणजे 'आयसोलसीपीयूज', 'नोएचझेड_फुल', 'आरसीयू_नोसीबीज', जपून वापरा. नोएचझेड_फुलमुळे त्या कोअरवरचा नियमित टिक थांबतो, हे खरं. पण कर्नलमध्ये शिरताना-निघताना नोंद ठेवण्याचं काम त्यामुळे वाढतं. ज्या मशीनच्या एक्झिट आधीच कमी आहेत तिला त्याचा फायदा होतो. एक्झिटचा पाऊस पडणाऱ्या मशीनला तोटा होऊ शकतो. म्हणून हे सगळ्यात शेवटी, आणि मोजूनच.

झोप-जाग करणाऱ्या मशीनसाठी 'हॉल्ट पोलिंग' समजून घ्या. गेस्टने एचएलटी केलं की केव्हीएम लगेच तो थ्रेड झोपवत नाही. एक्स८६वर तो जास्तीत जास्त दोन लाख नॅनोसेकंद, म्हणजे २०० मायक्रोसेकंद, 'काही काम येतंय का' हे बघत जागा राहतो. काम आलं तर झोपवणं-उठवणं वाचतं, प्रतिसाद सुधारतो. नाही आलं तर तेवढा सीपीयू वाया. त्या कोअरवर दुसरी प्रोसेस वाट बघत असली तर केव्हीएम हे थांबवतं, त्यामुळे मोठं नुकसान होत नाही. पण होस्टवर बऱ्याच अर्धझोपेतल्या मशीन असतील, आणि वीज किंवा तापमान हा मुद्दा असेल, तर केव्हीएम मॉड्यूलचा 'हॉल्ट_पोल_एनएस' ५०,००० वर किंवा शून्यावर आणून बघा. चालू होस्टवर लगेच बदलता येतो, रीबूट लागत नाही. डेटाबेसची मशीन मुख्य असेल तर तो आहे तिथेच राहू द्या.

मेमरी: मोठी पानं

इथे खर्च एक्झिटमध्ये दिसत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो. टीएलबीमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या छोट्या कॅशेत, पत्ता सापडला नाही की प्रोसेसर पेज टेबल (पत्त्यांचं पूर्ण टेबल) पायरीपायरीने चालत जातो. साध्या मशीनवर चार पायऱ्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टच्या प्रत्येक पायरीचा पत्ता पुन्हा होस्टच्या टेबलातून काढावा लागतो, त्यामुळे एका पत्त्यासाठी जास्तीत जास्त २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. दोन्ही बाजूंनी २ एमबीची पानं वापरली तर हा आकडा १५ वर येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीएलबीची एक नोंद ४ केबीऐवजी २ एमबी झाकते, त्यामुळे चालायची वेळच कमी येते.

पोस्टग्रेसच्या मशीनला ३२ जीबी द्यायची आहे असं धरू. ४ केबीच्या पानांनी ती ८३,८८,६०८ पानं होतात. २ एमबीच्या पानांनी १६,३८४. होस्टवर तेवढी पानं राखून ठेवा, पण सिस्टिमभरचा 'एनआर_ह्यूजपेजेस' आकडा लिहून मोकळे होऊ नका. तो आकडा दोन्ही नोडवर वाटला जातो, आणि आपली मशीन पहिल्या सॉकेटवर पिन आहे. सिस फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक नोडची वेगळी फाइल असते. 'नोड०'च्या फाइलमध्ये १६,३८४ लिहा. हे होस्ट बूट झाल्याबरोबर व्हायला हवं. उशीर केला की मेमरीचे तुकडे पडलेले असतात आणि मागितलेली पानं पूर्ण मिळत नाहीत. कर्नल तक्रार न करता मिळाली तेवढीच देतो. म्हणून लिहिल्यावर तीच फाइल वाचून आकडा तपासा. मग एक्सएमएलच्या मेमरीबॅकिंगमध्ये 'ह्यूजपेजेस' आणि मेमरी कुठल्या नोडवरून घ्यायची ते ठरवणाऱ्या न्यूमाट्यूनमध्ये 'स्ट्रिक्ट', नोडसेट ०.

अर्धं काम गेस्टच्या आत आहे. होस्टने मोठी पानं दिली आणि गेस्टने आत ४ केबीचीच वापरली, तर टीएलबीची नोंद लहान पानाचीच राहते. पोस्टग्रेसमध्ये 'ह्यूज_पेजेस' मुळात 'ट्राय'वर असतं, म्हणजे मिळाली तर घेतं, न मिळाल्यास मुकाट्याने लहान पानांवर जातं. शेअर्ड बफर मावतील एवढी मोठी पानं गेस्टच्या सिससीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) राखून ठेवल्याशिवाय ती मिळत नाहीत.

बाकीच्या मशीनसाठी एवढा खटाटोप नको. होस्टवर ट्रान्स्परंट ह्यूजपेज (कर्नलने आपणहून मोठी पानं देण्याची सोय) 'मॅडव्हाइज'वर, म्हणजे प्रोसेसने विनंती केली तरच, असलं तरी पुरतं. क्यूईएमयू गेस्टच्या मेमरीसाठी ती विनंती स्वतःच करतं.

केएसएम, म्हणजे सारखी पानं शोधून एकत्र करणारी सोय, २.६.३२ कर्नलपासून आहे. शंभर एकसारखे गेस्ट असतील तर ती रॅम वाचवते. आपल्यासारख्या चार वेगवेगळ्या मशीनवर वाचत काही नाही. केएसएमडी थ्रेड सीपीयू खातो, मोठी पानं फोडतो, आणि गेस्टने एकत्र केलेल्या पानावर लिहिलं की पुन्हा फॉल्ट. केएसएमच्या 'रन' फाइलमध्ये २ लिहिलं की तो थांबतो आणि एकत्र केलेली पानंही सुटी होतात.

होस्टला स्वतःसाठी रॅम सोडायला विसरू नका. सगळी मेमरी मशीनना वाटून होस्टला स्वॅपवर ढकललं की वरचं सगळं केलेलं वाया जातं.

नेटवर्क आणि डिस्क

ई१०००सारखं नक्कल केलेलं कार्ड असेल तर ड्रायव्हर रजिस्टरला हात लावेल तेव्हा क्यूईएमयूपर्यंत खेप पडते. व्हर्टिओमध्ये गेस्ट पॅकेटचा पत्ता सामायिक रांगेत लिहितो आणि एकदा घंटी वाजवतो. त्या घंटीची एक्झिट कर्नलमध्येच संपते: केव्हीएम एका इव्हेंटएफडीला (कर्नलमधल्या निरोपाच्या फाइलला) खूण करतं आणि गेस्टला लगेच परत पाठवतं. पॅकेट उचलण्याचं काम दुसऱ्या कोअरवरचा व्हीहोस्ट थ्रेड करतो. तो कामात असेपर्यंत 'घंटी वाजवू नकोस' असंही गेस्टला कळवतो, त्यामुळे रहदारी वाढली की दर पॅकेटमागच्या एक्झिट उलट कमी होतात. व्हीहोस्ट-नेट मॉड्यूल लोड असेल तर लिबव्हर्ट ते आपोआप वापरतं. 'एलएसमॉड'ने खात्री करा. व्यस्त वेब सर्व्हरला व्हर्च्युअल सीपीयूंइतक्या रांगा द्या आणि गेस्टमध्ये एथटूलने त्या खरोखर चालू झाल्या का बघा.

त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल तर एक जागा नक्की तपासा. 'बीआर_नेटफिल्टर' मॉड्यूल लोड झालं की ब्रिजवरून जाणारं मशीनचं प्रत्येक पॅकेट होस्टच्या आयपीटेबल्समधून (फायरवॉलच्या नियमांतून) फिरतं. भार वाढतो, आणि कधी कधी मशीनचं नेटवर्कच बंद पडतं. होस्टवर 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' शून्य करता येतं, पण कंटेनरांच्या जाळ्याला त्याची गरज असू शकते. मला विचाराल तर कंटेनर वेगळ्या मशीनमध्ये हलवणं जास्त स्वच्छ.

याच्याही पुढे एसआर-आयओव्ही आहे: नेटवर्क कार्डाचा एक तुकडा थेट गेस्टला. पॅकेटच्या वाटेवरून होस्टचा कर्नल जवळजवळ नाहीसा होतो. बदल्यात गेस्टची सगळी मेमरी जागेवर अडकते आणि चालू मशीन हलवणं अवघड होतं. दहा गिगाबिटच्या पुढची सततची रहदारी नसेल तर मी तिकडे जात नाही.

डिस्कसाठी व्हर्टिओ, कॅशे 'नन', आणि आयओ 'नेटिव्ह' किंवा, क्यूईएमयू ५.० आणि कर्नल ५.१ च्या पुढे असाल तर, 'आयओ_युरिंग'. कॅशे 'नन' यासाठी की नाहीतर तोच डेटा गेस्टच्या आणि होस्टच्या, अशा दोन्ही पेज कॅशेत बसतो. डेटाबेसच्या डिस्कला स्वतंत्र आयओथ्रेड द्या. अन्यथा डिस्कचं काम क्यूईएमयूच्या मुख्य लूपमध्ये होतं आणि इतर कामांमागे रखडतं. पोस्टग्रेसला एलव्हीएमचा (होस्टची डिस्क विभागणाऱ्या सोयीचा) थेट व्हॉल्यूम द्यावा. क्यूकाऊ२ या प्रकारची डिस्क-फाइल स्नॅपशॉटसाठी सोयीची आहे, पण तिचं स्वतःचं पत्त्यांचं टेबल असतं: ६४ केबीच्या क्लस्टरला त्या टेबलाच्या कॅशेचा १ एमबी ८ जीबी डिस्क झाकतो. मुळातली ३२ एमबी कॅशे २५६ जीबीपर्यंत पुरते. इमेज त्याहून मोठी असेल आणि वाचन विखुरलेलं असेल तर ती वाढवा. गेस्टमध्ये शेड्युलर 'नन' ठेवा, रांग लावायचं काम खाली होतच आहे.

विंडोजची मशीन

काही न करता बसलेली विंडोज मशीन होस्टवर सर्वांत जास्त सीपीयू खाताना दिसते, ती टायमरमुळे. आपण कुठल्या हायपरवायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर) आहोत हे तिला कळलं नाही की ती खऱ्या हार्डवेअरसारखी वागते आणि प्रत्येक टिकला एक्झिट होते. उपाय म्हणजे केव्हीएमने मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरसारखं दिसायचं. एक्सएमएलच्या हायपरव्ही विभागात रिलॅक्स्ड, व्हीएपिक, स्पिनलॉक्स ८१९१, व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि एसटायमर चालू करा, आणि क्लॉकमध्ये 'हायपरव्हीक्लॉक' प्रेझेंट. एसटायमर एकटं चालत नाही, त्याला सिनिक, व्हीपीइंडेक्स आणि ते घड्याळ लागतं; म्हणून सगळी एकदमच लावा. त्यानंतर व्हर्टिओचे ड्रायव्हर. ते विंडोजसोबत येत नाहीत, फेडोरा प्रकल्पाची आयएसओ जोडून बसवावे लागतात. डिस्क व्हर्टिओवर नेण्याआधी आत ड्रायव्हर असल्याची खात्री करा, नाहीतर मशीन बूट होणार नाही.

ग्राफिक कन्सोल कोणी वापरत नसेल, सगळे रिमोट डेस्कटॉपनेच येत असतील, तर यूएसबी टॅब्लेट काढून टाका. माउसचा पॉइंटर जुळवण्यासाठी असलेलं हे उपकरण रिकाम्या मशीनलाही सारखं उठवत राहतं. साउंड कार्ड, फ्लॉपी, वापरात नसलेली सीडी यांचंही तेच.

सुरक्षेचे उपाय बंद करावेत का?

ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एल१टीएफ या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषानंतर, बाधित इंटेल प्रोसेसरवर केव्हीएम गेस्टमध्ये परत शिरताना गरजेप्रमाणे एल१ कॅशे रिकामी करतं. म्हणजे एक्झिटचा खर्च वाढला. कर्नलच्या पर्यायांत 'मिटिगेशन्स ऑफ' (सुरक्षेचे उपाय बंद) लिहिलं की आकडे लगेच सुधारतात, आणि म्हणूनच हा सल्ला सगळीकडे सापडतो. ज्या होस्टवर दुसऱ्याच्या ताब्यातली एकही मशीन आहे, किंवा ज्या मशीनवर लोक बाहेरून कोड आणून चालवतात, तिथे हे अजिबात करू नका. एका गेस्टने दुसऱ्याचा डेटा वाचणं हाच तर तो धोका आहे. आपल्या उदाहरणात अकाउंट्सची मशीन त्याच सर्व्हरवर आहे, एवढं कारण पुरे.

तुमचा प्रोसेसर कशाने बाधित आहे हे सिस फाइलसिस्टिमच्या 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डरमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. इंटेलच्या कॅस्केड लेक पिढीपासून एल१टीएफचा उपाय सिलिकॉनमध्येच आहे, तिथे ही कॅशे रिकामी करण्याची भानगड राहत नाही. जुन्या प्रोसेसरवर सुरक्षित मार्ग एकच: एक्झिटच कमी करा. एक्झिट महाग झाली आहे, त्यामुळे वरच्या पायऱ्यांचा फायदा अशा मशीनवर उलट जास्तच दिसतो.

लागू करताना

एका वेळी एकच बदल, मशीन पूर्ण बंद-चालू, मग पुन्हा पर्फ, आणि आकडे आधीच्या फाइलशेजारी. माझा क्रम असा: घड्याळ, मग व्हर्टिओ आणि विंडोजच्या सोयी, मग व्हर्च्युअल सीपीयूंची संख्या, मग मोठी पानं, आणि पिनिंग शेवटी. पहिल्या तीन पायऱ्यांत काम भागलं तर पिनिंग करूच नका, कारण पिन केलेला होस्ट सांभाळायला माणूस लागतो. नवी मशीन आली की सगळा नकाशा पुन्हा मांडावा लागतो.

गेस्टच्या आत आणखी व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर या यादीतून फार अपेक्षा ठेवू नका. आतल्या मशीनच्या एका एक्झिटसाठी बाहेर अनेक एक्झिट होतात, आणि तिथे कितीही ट्यूनिंग केलं तरी मूळ गुणाकार तसाच राहतो. शक्य असेल तर आतली मशीन बाहेर काढून सरळ होस्टवर बसवा.

सिस फाइलसिस्टिममध्ये लिहिलेलं काहीही रीबूटनंतर टिकत नाही. मॉड्यूलचे पर्याय मॉडप्रोब.डीमध्ये, सिससीटीएल त्याच्या फाइलमध्ये, आणि नोडनिहाय पानांसाठी लिबव्हर्टच्या आधी चालणारं छोटं सिस्टिमडी युनिट, असं बांधून ठेवा. कर्नल अपडेट झाल्यावर हॉल्ट पोलिंग, ट्रान्स्परंट ह्यूजपेज, गेस्टचं घड्याळ आणि नोड०च्या पानांचा आकडा या चार गोष्टी पुन्हा तपासा.